जपानची सहल, चौथ्या वर्षाची फी आणि एक राहून गेलेला अर्ज

प्रश्न : मी कराडजवळच्या गावात राहते. आमचे हे साखर कारखान्यात टर्नर आहेत. हातात 41 हजार येतात, पण पगार कधी कधी महिना-दीड महिना लांबतो. मी ब्लाउज शिवते, त्याचे आठ-नऊ हजार होतात. मुलगी पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुलगा दहावीला. मुलीचा प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून), ओबीसीतून झाला. फी वर्षाला 1 लाख 32 हजार, ती आम्ही दोन हप्त्यांत भरतो. होस्टेल आणि मेस वेगळं. ऑक्टोबरमध्ये कॉलेजचा 9 दिवसांचा जपान अभ्यासदौरा आहे. ट्रॅव्हलवाल्यांनी 2 लाख 48 हजार सांगितलेत, वर टॅक्स वेगळा. 20 ऑगस्टपर्यंत 60 हजारांचा पहिला हप्ता भरायचा आहे. तिकडे जायचं नसेल तर याच सत्रात चंडीगढ-अहमदाबादचा दौरा आहे, 26 हजारांत. पोरगी म्हणते, सगळे जपानलाच चाललेत. आमच्याकडे अडीच लाखांची आणि दीड लाखाची अशा दोन एफडी आहेत, खात्यात 60 हजार आणि माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या. एफडी मोडू, पाटल्या ठेवू की पर्सनल लोन घेऊ? बँकेचा माणूस रोज फोन करतोय.

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळी एफडी, पाटल्या आणि कर्ज यांचीच बेरीज-वजाबाकी करत होते. तिसऱ्या वेळी नजर अडली ती मधल्याच एका वाक्यावर : ‘प्रवेश कॅपमधून, ओबीसीतून झाला.’ आणि पुढच्याच वाक्यात पूर्ण फी भरताय. असं का?

राज्य सरकारने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची 100 टक्के माफी सुरू केली आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींसाठी ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागू नाही, तेव्हा कॉलेज कशात मोडतं ते बघा. आधीपासून शिकणाऱ्या मुलीही यात येतात. तुमच्या दोघांची कमाई मिळून वर्षाला सहा लाखांच्या आसपास जाते. म्हणजे पत्रावरून तरी तुम्ही बसता. अर्ज सरकारी शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवर दर वर्षी भरावा लागतो. ओबीसींना लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत संपली होती, की पोर्टल अडकलं आणि पोरीने नाद सोडला, ते पत्रात नाही. सल्ला मागायला येणाऱ्या घरांत मी हे नेहमी बघते. मुलं अर्ज ‘उद्या भरते’ म्हणतात आणि आईवडील फीची पावती जपून फाईलला लावतात.

तेव्हा जपानचं नंतर बोलू. आधी मुलीला कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर पाठवा आणि तुम्ही सेतू केंद्रात जाऊन दाखल्यांचं बघा. 1 लाख 32 हजारांतले शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क वगैरे किती, ते पावतीवर वेगळं लिहिलेलं असतं. माफी पहिल्या रकमेवर आहे, दुसऱ्यावर नाही. समजा शिक्षण शुल्क 1 लाख 10 हजार निघालं, तर पुढच्या दोन वर्षांतच 2 लाख 20 हजार वाचतात. जपानच्या खर्चाचा मोठा भाग तिथेच निघाला.

आता तो खर्च नक्की किती, ते बघू, कारण 2 लाख 48 हजार हा फक्त जाहिरातीतला आकडा आहे. त्यावर 5 टक्के जीएसटी धरला की 2,60,400 होतात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर 2 टक्के टीसीएस, म्हणजे ट्रॅव्हल कंपनीने आधीच कापून सरकारात भरायचा आयकर, लागतो. म्हणजे आणखी 5,208. झाले 2,65,608. ‘अभ्यासदौरा आहे, शिक्षणासाठी आहे’ म्हणून इथे सवलत मिळत नाही. बिल ट्रॅव्हल कंपनीचं आणि पॅकेज सहलीचं, म्हणून नियमही सहलीचाच. टीसीएस बुडत मात्र नाही. बिल यजमानांच्या पॅनवर करा. त्यांच्या पगारावर नव्या करप्रणालीत कर बसत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी रिटर्न भरलं की 5,208 रुपये खात्यात परत येतील. त्यांनी मागची रिटर्न भरली नसतील तर यंदाचं तरी भरून टाका. जपानच्या व्हिसासाठी खर्च करणाऱ्याचं रिटर्न आणि बँक स्टेटमेंट मागतात, तिथेही ते लागेल.

शिवाय वरखर्च. जपानला ऑक्टोबरात फार थंडी नसते, पण बूट चांगले लागतील. आर्किटेक्चरची पोरं दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं चालतात. जेवण पॅकेजमध्ये किती वेळचं आहे ते विचारा. दुपारचं जेवण आणि काही रात्री स्वतःच्या खिशातून असतील तर रोज दीड-दोन हजार येन धरा. 100 येनला साधारण 58 रुपये धरा. शाकाहारी असाल तर एक गोष्ट मुलीला आधीच सांगा : तिकडच्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये आणि नूडल्सच्या रश्श्यात बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. मेतकूट, भडंग आणि थेपले बॅगेत असले की खर्चही आटोक्यात राहतो. मेट्रो, प्रवेश तिकिटं, विमा, व्हिसाचा सर्व्हिस चार्ज आणि मैत्रिणींसाठी चार वस्तू धरून 45 हजार घ्या. एकूण 3 लाख 11 हजारांच्या आसपास. तुमच्या घरची सहा महिन्यांहून जास्त कमाई.

तुम्ही पॅकेजचा तक्ता पाठवलात ते बरं झालं. त्यात 7 दिवसांचा जपान रेल पास आहे. हा पास ऑक्टोबर 2023 पर्यंत 29,650 येनला मिळायचा, तेव्हा त्याची किंमत 50,000 येन झाली. दौऱ्याचा मार्ग टोकियोत उतरून 4 दिवस, मग क्योटो, मग ओसाका आणि तिथूनच परत असा आहे. म्हणजे शिंकान्सेनचा, तिथल्या बुलेट ट्रेनचा, लांबचा प्रवास एकदाच, त्याचं तिकीट साधारण 14 हजार येन. बाकी शहरातल्या फेऱ्यांसाठी टोकियोत सुइका आणि ओसाकात इकोका कार्ड पुरतं, त्यातले थोडे येन पासवर गेले असते असं मानलं तरी पास घेणं 30 हजार येनने महाग पडतं. रुपयांत सतरा हजार, एका मुलीमागे. मुलांनी वर्गातल्या सगळ्यांच्या वतीने एजंटाकडे बसून हा पास काढायला लावावा. सोबतच्या प्राध्यापकांचं तिकीट पोरांच्या पैशातून जातंय का तेही त्याच बैठकीत विचारावं, आणि दौरा रद्द झाला किंवा व्हिसा नाकारला तर किती कापणार ते लेखी घ्यावं. मुलं विचारत नाहीत, त्यांना वाटतं पैशांचं बोलणं वाईट दिसतं.

आता तुमचे तीन मार्ग. पर्सनल लोन नको. 3 लाख, 14 टक्के, 3 वर्षं धरलं तर हप्ता 10,250 च्या आसपास येतो आणि व्याजाचे 69 हजार जातात. हप्त्याची तारीख पगार लांबला म्हणून थांबत नाही. एजंटाच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्येही प्रोसेसिंग फी असते आणि रोखीने भरल्यावर मिळणारी सूट जाते, त्यामुळे तोही सोडा.

सोन्यावरचं कर्ज सरकारी बँकेत यापेक्षा स्वस्त पडतं, त्याला मी नाकं मुरडणार नाही. अडचण वेगळी आहे. गावाकडे बहुतेक लोक वर्षभर फक्त व्याज चढू देतात आणि शेवटी मुद्दल-व्याज एकदम द्यायचं असतं. त्या वेळी पैसे नसले की कर्ज नवं-जुनं करून पुढे ढकलतात आणि पाटल्या कपाटात परत येत नाहीत. तुमच्या पाटल्या मोडायच्या असतील तर त्या आजारपणाला.

एफडी मोडणं त्या मानाने स्वस्त. मुदतीआधी मोडली की जितके महिने ठेवली त्या काळाचा दर लागतो आणि त्यातून अर्धा-एक टक्का कापतात. दीड लाखावर हे नुकसान दोन-अडीच हजारांचं. पण त्या एफडी मोकळ्या आहेत का? डिसेंबरात 66 हजारांचा दुसरा हप्ता, पुढच्या जूनपासून चौथं वर्ष आणि मुलाची अकरावी. दोन्ही एफडींतून जपान केलं तर खात्यात दीड लाखाच्या आतबाहेर उरतं. पगार दीड महिना थांबला आणि त्याच वेळी फीचा हप्ता आला तर? तुम्हाला हे मी शिकवायला नको.

म्हणून माझं उत्तर फीमाफीवर टांगलेलं आहे. स्कॉलरशिप खिडकीवर 20 ऑगस्टच्या आत कळलं की मुलगी पात्र आहे आणि अर्ज स्वीकारला जाईल, तर खुशाल पाठवा. दीड लाखाची एफडी पूर्ण मोडा, बाकीसाठी अडीच लाखांच्या एफडीवर कर्ज घ्या. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त व्याज पडतं, आणि डिसेंबरात फीचे जे पैसे वाचतील ते थेट त्या कर्जात टाका. माफी मिळत नसेल तर यंदा जपान नको.

‘शैक्षणिक कर्जातून होईल का’ असं कोणी सुचवलंच, तर नियमांत तरतूद आहे. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या खर्चात अभ्यासदौराही धरतात. पण तो अभ्यासक्रम पूर्ण करायला गरजेचा असेल तर. तुमच्या कॉलेजने दोन दौऱ्यांतला एक निवडायला सांगितलाय, त्यामुळे जपानच हवा असं पत्र बँकेला देणं त्यांना अवघड जाईल.

मुलीच्या बाजूनेही बोलते.   तिकडच्या इमारती तिला बघाव्याशा वाटणारच, पण त्या कुठे जात नाहीत. मी वाणिज्य शाखेची, मला मोठी इमारत दिसली की तिच्या कर्जाचा हप्ताच आठवतो. पण माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका आर्किटेक्टने सांगितलं ते तुमच्या पोरीला सांगा. टोकियोत उएनोला ल कार्ब्युझिये या प्रसिद्ध आर्किटेक्टने आखलेलं पाश्चात्त्य कलेचं संग्रहालय आहे आणि चंडीगढचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्सही त्यांचंच. 2016 साली दोन्ही जागतिक वारशाच्या एकाच नोंदीत गेली. 26 हजारांत तो माणूस बघायला मिळतो, आणि अहमदाबादेत त्यांनीच केलेली गिरणी मालक संघटनेची इमारतही.

तिने पहिल्या वर्षी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची मोजणी करून ड्रॉइंग काढल्याचं तुम्ही लिहिलंय. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं ते उद्यान. ज्या पोरीने त्याचे पूल आणि दगड मोजले तिला मूळ बाग बघाविशी वाटणारच, आणि या दौऱ्याच्या तक्त्यात ओकायामा नाहीच! पदवी झाल्यावर जपान सरकारची मेक्स्ट नावाची शिष्यवृत्ती असते, त्यात विमानभाडं, फी आणि दरमहा भत्ता मिळतो. स्पर्धा कडक असते. पण पुण्यात जपानी शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या सगळ्यांत सोप्या दोन पातळ्या (एन5 आणि एन4) दोन वर्षांत कॉलेज सांभाळून होतात. वर्गाची फी यंदाच्या वाचलेल्या पैशांतून सहज भागेल.

नॉन-क्रिमीलेअरचा दाखला हातात असेल तर त्याची तारीख बघून मला कळवा. आणि बँकेच्या त्या माणसाला सांगा, ऑक्टोबरनंतर फोन कर.