फिट येत नाही, मग गोळी कशाला?

फिटच्या आजाराबद्दल (अपस्मार) वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

मी ऐरोलीत नोकरी करतो. शिफ्ट सतत बदलते. रात्रपाळीत सकाळची गोळी झोपेत राहून जाते. गेल्या महिन्यात ऑफिसच्या बसमध्ये फिट आली. डोस वाढवावा लागेल का?

आधी किती गोळ्या राहिल्या ते डॉक्टरांना खरं सांगा. ‘औषध चालू असताना फिट आली’ एवढंच त्यांना कळलं, तर ते डोस वाढवतील किंवा आणखी एक औषध जोडतील, आणि तुम्हाला गरज नसताना सुस्ती, चक्कर सोसावी लागेल. ते रागावतील या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात. कृपा करून तसं करू नका.

फिटचं औषध रक्तात ठरावीक प्रमाणात सतत राहिलं तरच उपयोगी पडतं. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी साधारण बारा तासांच्या अंतराने घ्यायची असते. दोन्ही पाळ्यांत जागे असाल अशी वेळ धरा. उदाहरणार्थ, सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात. रात्रपाळीहून आल्यावर झोपण्याआधी एक, कामावर निघण्याआधी दुसरी. दिवसपाळीतही हीच वेळ चालते. एक पट्टी बॅगेत ठेवा. गोळी राहिलीच तर आठवताक्षणी घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर मात्र दोन एकदम घेऊ नका.

जागरणानेही फिट येते. त्यामुळे डॉक्टरांचं पत्र घेऊन कायमची दिवसपाळी मागा. त्यात कमीपणा काही नाही.

मुलगा चौदा वर्षांचा. वर्षभर फिट नाही. नातेवाईक म्हणतात, गोळ्यांनी डोकं मंद होतं, बंद करा. (कळवा)

बंद करू नका. फिट येत नाही, कारण गोळी चालू आहे. निदान दोन वर्षं फिट आली नाही, की डॉक्टर गोळी थांबवण्याचा विचार करतात. तेव्हाही फिटचा प्रकार आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) पाहून, काही महिन्यांत हळूहळू. अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊ शकतात. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर थेट इस्पितळ गाठायचं.

मंदपणाची शंका मात्र उडवून लावू नका. तो वर्गात पेंगत असेल, चिडचिडा झाला असेल, तर डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

लग्नाला सहा महिने झाले. सासरी आजार सांगितलेला नाही. गोळ्या पर्समध्ये लपवते, घरात माणसं असली की राहून जातात. मूल हवं आहे, म्हणून बंद करू का? (खारघर)

ताई, स्वतःहून एकही गोळी सोडू नका. गरोदरपणात मोठी फिट आली तर तुम्हाला आणि बाळाला, दोघांनाही धोका असतो. पण दिवस राहण्याची वाट न पाहता याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टना (मेंदूच्या डॉक्टरांना) भेटा. पट्टीवर ‘व्हॅल्प्रोएट’ लिहिलं असेल तर ते मुद्दाम दाखवा. त्याने बाळाला व्यंग येण्याचा धोका इतर बऱ्याच औषधांपेक्षा जास्त असतो. लॅमोट्रिजीन किंवा लेव्हेटिरासिटाम तुलनेने सुरक्षित मानतात. ही अदलाबदल करायला वेळ लागतो. फोलिक अ‍ॅसिडही आधीपासून सुरू करायचं असतं. फिट येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मुलं होतात.

लपवून गोळी नियमित घेणं जवळपास अशक्य आहे. निदान नवऱ्याला सांगा. शक्य असेल तर डॉक्टरांसमोर, म्हणजे त्यांच्या शंकांनाही तिथेच उत्तर मिळेल. हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्येच वगळला गेला. तुम्ही गुन्हा केलेला नाही. एकटीने हे ओझं वाहू नका.

नवरात्रात कडक उपवास असतो. गोळी चालेल? (ठाणे)

पाण्याबरोबर घ्यावीच लागेल. पाणीही चालत नसेल तर तसा उपवास तुम्ही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गरब्यातलं जागरणही आवरा.

मेडिकलवाला दर वेळी वेगळ्या कंपनीची गोळी देतो. (वाशी)

जेनेरिक गोळ्या वाईट नसतात, जनऔषधी केंद्रातूनही घ्या. पण एकच कंपनी धरून राहा, विशेषतः फेनिटॉइन हे फिटचं औषध असेल तर. त्यात थोड्या फरकानेही फिट येते किंवा तोल जातो. कंपनी बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवा. निदान दहा दिवसांच्या गोळ्या घरात शिल्लक असताना पुढच्या आणा. पावसाळ्यात लोकल बंद पडली, पाणी तुंबलं, तरी गोळी चुकणार नाही.