साबणासाठी उंदीर लागत नाहीत, पण जावेचा हातही पुरत नाही

ताई, फोंड्याला घरी खोबरेल आणि कोकमाच्या तेलाचा साबण करता, वासाला गवती चहाचं आणि संत्र्याच्या सालीचं तेल घालता. पणजीच्या दुकानदाराने अ‍ॅलर्जीचा रिपोर्ट मागितला, तर 'उंदीर-सशांचे हाल होणार असतील तर धंदाच नको' असं लिहिलंत. वर हेही, की जावेच्या हाताला लावून पाहिला, काही झालं नाही.

उंदरांची काळजी सोडा. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना आपल्याकडे २०१४ पासूनच बंदी आहे, आणि अंगाचा साबण त्यातच मोडतो. मला काळजी वाटते ती जावेच्या हातावरच्या भरवशाची.

आजोळी, वाळपईला, काजूच्या बिया भाजताना टरफलातलं तेल उडायचं आणि ज्याच्यावर उडेल त्याची कातडी भाजायची. तो दाह, तिथे कोणाची सुटका नाही. माझ्या मावशीचं वेगळं. वर्षानुवर्षं बिया फोडल्यावर एका मोसमात नुसत्या टोपलीला हात लागला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिची बोटं सुजून बारीक पाणीदार फोड यायला लागले. शेजारच्या बाईला त्याच टोपलीने काही होत नसे. ही अ‍ॅलर्जी. (धोब्याचा बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. आंब्याच्या चिकाने ओठ फुटतात, त्यामागे असेच भाऊबंद पदार्थ.)

होतं असं: लहानसा रेणू कातडीतल्या प्रथिनाला चिकटतो. कातडीतल्या पहारेकरी पेशी ती जोडी उचलून जवळच्या लसिका गाठीत नेतात, तिथे टी-पेशी (शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तिची ओळख लक्षात ठेवून वाढतात. याला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि बाहेर बहुतेकदा काहीच दिसत नाही. खाज उठते ती नंतरच्या स्पर्शाला. म्हणून जावेच्या हाताला एकदा लावून काही न होणं याचा अर्थ जवळजवळ शून्य.

पूर्वी हेच गिनीपिगवर बघत. १९६९ साली मॅग्नसन आणि क्लिगमन यांनी जी पद्धत मांडली, तीत आधी टोचायचं, आठवड्याने पट्टी लावायची, दोनेक आठवडे थांबायचं, मग पुन्हा पट्टी लावून कातडी किती लाल झाली ते डोळ्यांनी ठरवायचं. पुढे उंदराच्या कानामागे तीन दिवस पदार्थ लावून गाठीतल्या पेशींची वाढ मोजायला लागले. पदार्थ ज्यात विरघळवला ते नुसतं द्रावक लावलेल्या उंदरांच्या तिप्पट किंवा जास्त झाली, तर पदार्थ दोषी. खाज उठेपर्यंत थांबावं लागत नाही म्हणून हाल कमी, पण उंदीर शेवटी मरतोच.

आता त्या साखळीची एकेक कडी काचेच्या नळीत तपासतात. डीपीआरए चाचणीत पदार्थ छोट्या पेप्टाइडांबरोबर (म्हणजे प्रथिनाच्या लहान तुकड्यांबरोबर) २४ तास ठेवायचा आणि किती पेप्टाइड उरलं ते मोजायचं. कमी उरलं म्हणजे पदार्थ चिकटला. केराटिनोसेन्समध्ये कातडीच्या पेशी धोक्याची खूण मिळताच प्रकाश देतात. एच-क्लॅटमध्ये पहारेकरी पेशींसारख्या वागणाऱ्या पेशींवर दोन खुणा वाढतात का ते बघतात. एकटीवर कोणी विसंबत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२१ च्या ४९७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतली एक रीत म्हणजे तीनपैकी दोघींचं एकमत. आमच्या पंचायतीपेक्षा सोपं.

मात्र या चाचण्या मुख्यतः सुट्या रसायनांसाठी. साबणाची वडी त्या पेशींवर घातली तर साबणच पेशी मारतो, मग निकाल कसला वाचणार? तेव्हा लॅबवाल्याने 'तिन्ही करून देतो' म्हणून मोठं बिल पुढे केलं, तर आधी विचारा की वडीवर की घटकावर.

तुमच्या साबणात संशयित कोण, ते चाचणीशिवायही माहीत आहे: गवती चहाच्या तेलातलं सिट्रल. संत्र्याच्या तेलातलं लिमोनीन ताजं असताना बरंचसं निरुपद्रवी, पण हवा लागून जुनं झालं की त्याची जी संयुगं होतात ती अ‍ॅलर्जी करतात. मोठी बाटली वर्षभर उघडझाक करून वापरत असाल तर थांबवा. लहान, गडद रंगाच्या बाटल्या घ्या आणि झाकण घट्ट लावा.

तेल देणाऱ्याकडून सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्यात एच३१७ दिसलं, तर तो त्वचेच्या अ‍ॅलर्जीचा इशारा. युरोपात धुऊन टाकायच्या वस्तूत असा ठरावीक सुगंधी घटक ०.०१ टक्क्याच्या वर गेला की नाव छापावंच लागतं. तुम्हीही वेष्टनावर सिट्रल, लिमोनीन सरळ लिहा. 'अ‍ॅलर्जी होत नाही' हे मात्र लिहू नका. 'प्राण्यांवर तपासलेलं नाही' लिहिलंत तरी त्याने गिऱ्हाइकाच्या कातडीची हमी मिळत नाही.

आणि जावेला पुन्हापुन्हा लावून बघू नका, त्यानेच तिला अ‍ॅलर्जी जडायची. खाज आलीच तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी आणि नंतर परत एकदा बघतात. त्यांच्याकडे जाताना तेलाची बाटली बरोबर न्या.

दुकानदाराला रिपोर्ट नेमका कशाचा हवाय ते विचारून इथे लिहा. माहितीपत्रक मिळालं की त्याचा फोटोही टाका, बघून सांगतो.