बेथलेहेम : भाकरीचं घर की मांसाचं?

प्रश्न : नाताळाच्या उपासनेत आमच्या पाळकांनी सांगितलं, बेथलेहेम म्हणजे 'भाकरीचं घर'. माझे धाकटे दीर बारा वर्षं आखातात नोकरीला होते. ते म्हणाले, अरबीत 'लहम' म्हणजे मटण, तेव्हा ते 'मांसाचं घर' झालं. घरात यावरून चांगलाच वाद झाला. खरं कोणाचं? आणि गावाला हे नाव पडलं कसं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, दोघांचंही खरं आहे. या नावानं मलाही एकदा असंच अडवलं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जेरुसलेमच्या दमास्कस दरवाजाजवळून अरबी बस सुटतात. तिथं मी एका चालकाला विचारलं, "बेथलेहेम?" त्यानं मान डोलावली आणि विद्यार्थ्याचा उच्चार सुधारावा तसं सावकाश म्हणाला, "बेत लहम." रस्ता जेमतेम दहा किलोमीटरचा. गावात उतरून बाजाराचा चढ चढताना एका खाटकाच्या दुकानावरची पाटी मी अक्षरं जुळवत वाचली : लाम, हा, मीम. लहम. पुढं रस्त्याच्या पाटीवर गावाचं नाव होतं, त्यातही तीच तीन अक्षरं, त्याच क्रमानं. तोवर कितीतरी वर्षं मी 'भाकरीचं घर' असंच शिकवत आलो होतो. त्या रात्री वहीत तो शब्द एकदा हिब्रूत आणि एकदा अरबीत लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो.

नावाच्या पहिल्या भागाबद्दल वाद नाही. 'बेथ' म्हणजे घर. बेथेल हे देवाचं घर, बेथसैदा हे मासेमारीचं. सगळा प्रश्न 'लेहेम'चा आहे. हिब्रूत याचा उच्चार 'लेखेम'च्या जवळ जातो, मधला वर्ण घशातून येतो. अर्थ भाकर. अरबी 'लहम' त्याच मुळातून आला, अर्थ मांस. मूळ एक, भाषा बहिणी-बहिणी, आणि अर्थ मात्र दोन.

असं आपल्याकडेही घडलेलं आहे. संस्कृतात 'मृग' म्हणजे कोणताही वन्य पशू. म्हणून शिकारीला मृगया म्हणतात आणि सिंहाला मृगराज. मराठीत 'मृग' म्हटलं की डोळ्यांसमोर हरीणच येतं. शब्द मोठा होता, वापरता वापरता एकाच प्राण्यापुरता उरला. 'लेहेम'चंही तसंच झालं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मुळात त्याचा अर्थ 'मुख्य अन्न'. शेती करणाऱ्यांचं मुख्य अन्न भाकर, कळप राखणाऱ्यांचं मांस. ज्यानं त्यानं आपल्या पानातल्या पदार्थाला तो शब्द दिला.

हे स्पष्टीकरण मला पटतं, कारण बायबलच त्याची साक्ष देतं. पहिल्या शमुवेलाच्या १४व्या अध्यायात शौल राजा सैन्याला शपथ घालतो की संध्याकाळपर्यंत कोणी 'लेहेम' खाल्लं तर तो शापित. योनाथानाला हे ठाऊक नसतं. तो काठीचं टोक मधाच्या पोळ्यात बुडवून मध चाखतो आणि लगेच एक शिपाई त्याला बापाच्या शपथेची आठवण करून देतो. भाकरीचा तुकडाही त्यानं तोंडात टाकलेला नाही, तरी शपथ मोडली, कारण मधही 'लेहेम'मध्ये मोडतो. लेवीयच्या तिसऱ्या अध्यायात तर वेदीवर जाळायची मेंढराची चरबी आणि गुरदे यांनाच 'लेहेम' म्हटलं आहे. म्हणजे तुमच्या दिरांचा अर्थ हिब्रूतही अगदी परका नाही! आणि मराठी ख्रिस्ती माणूस प्रभूच्या प्रार्थनेत 'रोजची भाकर' मागतो, तेव्हा तोही फक्त पिठाचा पदार्थ मागत नसतो. आपल्या भाषांतरकारांनी 'भाकर' हा शब्द निवडला, तो मला फार नेमका वाटतो.

आता नाव पडलं कसं? इथं एका लोकप्रिय मताबद्दल सावध करतो. 'लेहेम' म्हणजे भाकर नव्हेच, ते 'लहमू' नावाच्या देवाचं घर, असं पुष्कळ ठिकाणी ठामपणे लिहिलेलं आढळतं. बॅबिलोनच्या सृष्टिकाव्यात लहमू आणि लहामू असं दैवतांचं एक जोडपं आहे, हे खरं. देवाच्या नावावरून गावाला नाव देण्याची पद्धतही त्या देशात होती : बेथ-शेमेश म्हणजे सूर्याचं घर, बेथ-दागोन म्हणजे दागोनाचं. या मताला आधार म्हणून इजिप्तमधल्या अमार्ना इथं सापडलेलं एक पत्र दाखवतात. इसवी सनापूर्वी १४व्या शतकात जेरुसलेमचा राजा अब्दी-हेबा फारोला कळवतो की आपल्या मुलखातलं एक गाव शत्रूला जाऊन मिळालं. त्या गावाच्या नावात सुरुवातीला 'बीत' म्हणजे घर आहे. मात्र पुढं नाव अक्षरांत लिहिलेलं नाही, एका देवाचं चिन्ह आहे. काहींनी ते 'लहमू' असं वाचलं, तर इतरांनी दुसऱ्या देवाचं नाव वाचलं. चिन्हाचा आपल्याला हवा तो उच्चार धरायचा आणि त्यावर गावाचा उगम उभा करायचा, हे मला मान्य नाही.

त्यापेक्षा मला २०१२ साली जाहीर झालेला शोध महत्त्वाचा वाटतो. जेरुसलेममध्ये 'दावीद नगर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातल्या उत्खननात मातीची एक मुद्रा मिळाली. आकार दीड सेंटीमीटरच्या आसपास, काळ इसवी सनापूर्वी आठवं-सातवं शतक. तिच्यावर प्राचीन हिब्रूत बेथलेहेमचं नाव आहे, आणि सोबत राज्यवर्षाचा व राजाचा उल्लेख. कर म्हणून पाठवलेला माल दोऱ्यानं बांधत आणि दोऱ्यावर मातीची अशी मुद्रा मारत. राजवाड्याकडे बेथलेहेमहून काहीतरी निघालं होतं; उत्खनन करणाऱ्यांच्या मते चांदी तरी, किंवा द्राक्षारस-गव्हासारखं पीक. बायबलबाहेर त्या काळातलं या गावाचं नाव प्रथमच हाती आलं, तेही नखाएवढ्या चिखलाच्या गोळीवर. भाकरीच्या घरातून निघालेलं धान्य त्या दोऱ्याखाली बांधलेलं असेल का, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही.

गाव पाहिलं की 'भाकरीचं घर' पटतं. पूर्वेला यहूदियाचं रान सुरू होतं, सगळं खडक आणि धूळ. आणि त्याच्या अगदी काठावर, बेत साहूरच्या बाजूला, शेतं. रानातून मेंढरं घेऊन वर येणाऱ्याला पहिलं पीक दिसे ते इथं. गावाचं दुसरं नाव एफ्राथा, तेही 'फलद्रूप होणे' या अर्थाच्या मुळाशी जोडलं जातं. मीखा संदेष्टा 'बेथलेहेम एफ्राथा' असं पुरं नाव घेतो, त्याचाही उपयोग आहे : उत्तरेला, जबुलूनाच्या वतनात, आणखी एक बेथलेहेम होतं. यहोशवाच्या १९व्या अध्यायात ते सापडेल.

ख्रिस्ती मंडळीनं या नावाचा अर्थ फार लवकर हृदयाशी धरला. रोममधली पौला नावाची श्रीमंत विधवा चौथ्या शतकाच्या अखेरीस सगळं सोडून बेथलेहेमात येऊन राहिली. तिच्या मृत्यूनंतर, ४०४ साली, जेरोमनं लिहिलेल्या पत्रात ती या गावाला भाकरीचं घर म्हणून वंदन करते, कारण स्वर्गातून उतरलेली भाकर तिथं जन्मली. जेरोम स्वतः त्याच गावात बसून हिब्रू शास्त्राचं लॅटिन करत होता. त्यामुळं तुमच्या पाळकांनी सांगितलेला अर्थ सोळाशे वर्षांहून जुना आहे, आणि तो सांगितला जावाच.

पण माझं सर्वांत आवडतं ठिकाण रूथच्या पुस्तकात आहे. दुष्काळ पडतो आणि एलीमलेख बायको नामी व दोन मुलांना घेऊन बेथलेहेम सोडून मवाबात जातो. भाकरीच्या घरातच भाकर उरलेली नाही; हिब्रू ऐकणाऱ्याला हे पहिल्याच ओळीत टोचत असणार. मवाबात नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात. मग एक बातमी येते : परमेश्वरानं आपल्या लोकांकडे लक्ष दिलं आणि त्यांना अन्न दिलं. मराठीत 'अन्न' शब्द आला की गावाच्या नावाशी असलेली गाठ सुटते. म्हणून तेवढे तीन शब्द तुम्हाला हिब्रूत लिहून देतो. घरी दिरांना मोठ्यानं वाचायला सांगा, त्यांच्या कानाला शेवटच्या शब्दातला 'लहम' लगेच ओळखू येईल. लातेत लाहेम लाखेम. 'त्यांना भाकर द्यायला.' मवाबच्या शेतात उभ्या असलेल्या नामीच्या कानावर हीच बातमी आली, आणि ती सुनांसह परत निघाली.