गाडी खाली किती बसवावी?

प्रश्न : माझी स्विफ्ट आहे. रोज कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एकदा ताम्हिणीतून कोकण. वळणावर गाडी फार झुकते. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग असलेले संच) बसवावेत का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि रबरी बुश तपासून घ्या. माझ्या गाडीचा झोल निम्मा तिथेच गेला होता.

तरीही घ्यायचेच असतील, तर स्प्रिंगचा कडकपणा विचारा. दुकानदार रंग आणि शॉकचा कडकपणा बदलणाऱ्या बटणाचे क्लिक दाखवतो. स्प्रिंग किती किलो प्रति मिलिमीटर, हे सांगत नाही. शर्यतीच्या ट्रॅकसाठीची कडक स्प्रिंग आपल्या खड्ड्यांवर चाक रस्त्यावरून उचलते, मग पकड उलट कमी होते. दुसरं म्हणजे, शॉकचा खालचा भाग आट्यांवर फिरवून उंची बदलणारा संच घ्या. नुसती स्प्रिंगची बैठक खाली आणली की शॉकची दबण्याची जागा संपते आणि प्रत्येक गतिरोधकावर दणका बसतो. स्विफ्टला मागे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे असतात, त्यामुळे खरा कॉइलओव्हर पुढेच बसतो.

उंची 15-20 मिलिमीटरच उतरवा. आठवड्याने स्प्रिंग बसल्या की अलाइनमेंट करा, नाहीतर टायर आतून झिजतात. पावसाळ्यापूर्वी आटे धुऊन ग्रीस लावा. चिखलाने ते जाम होतात.

विमा कंपनी आणि आरटीओला मात्र आधी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांवर बंधन घालतं.