संगीत कुठे संपतं आणि गोंगाट कुठे सुरू होतो?

संगीत, गोंगाट आणि ध्वनिकला यांच्यातली रेषा भौतिकशास्त्राने आखता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. एवढं लिहून थांबले असते, पण या प्रश्नावरून झालेलं एक जुनं भांडण अजून माझ्या घशात अडकलंय.

मी पांढरी पाचमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, गाते. तेव्हा घरात एक जुना फ्रिज होता. 50 हर्ट्झच्या विजेवर चालणारा, त्यामुळे गुणगुण 100 हर्ट्झची. पांढरी पाचचा खर्जातला सा 98 चा. म्हणजे फ्रिज माझ्यापेक्षा किंचित चढा. पहाटे तानपुरा लावून बसले की दोघांचे सूर एकमेकांना घासायचे आणि मधल्या सप्तकात (तिथे माझा सा 196, फ्रिजचा 200) सेकंदाला चार हेलकावे ऐकू यायचे. डोकं उठायचं. दारं लावून झाली, फ्रिजखाली पुठ्ठे सरकवून झाले. शेवटी एके दिवशी वैतागून तानपुराच फ्रिजला मिळवला. हेलकावे गेले! थोड्या वेळाने तानपुरा आडवा ठेवला आणि नुसत्या फ्रिजवर गायले. त्या गुणगुणीत 200, 300, 400 हे वरचे स्वर होतेच. कान देऊन बसलं की 500 चा गंधारसुद्धा सापडायचा. आदल्या दिवशीपर्यंत शत्रू असलेलं यंत्र, आणि त्यात तसूभरही बदल झालेला नव्हता.

मग मी ते ध्वनिमुद्रित केलं. नियम एकच: मोटर सुरू झाली की आलाप सुरू, ती आपोआप थांबली की आलापही थांबवायचा. नऊ मिनिटं भरली.

माझ्या एका गुरुबंधूंनी आमच्या जुन्या शिष्यमंडळींचं ध्वनिमुद्रण ऐकण्याची बैठक ठेवली होती, तिथे हे दिलं. त्यांनी मला न विचारता ते ‘स्वच्छ’ केलं. 100 आणि त्याच्या सगळ्या पटी फिल्टरने कापल्या. आता फ्रिजला मिळवलेला माझा सा 200 चा! फ्रिजबरोबर तोही गेला. दर वेळी सा वर आले की आवाज पोकळ, जणू कोणी तोंडावर हात ठेवलाय. आधार हवा म्हणून त्यांनी खाली स्वतःचा तानपुरा घातला, तोही नेमक्या पांढरी पाचचा. बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं की बाई चढ्या लागल्यात. मी भांडले, तर म्हणाले, “अगं, यंत्राचा गोंगाट होता तो, संगीत नव्हे.” हेच गृहस्थ तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत अर्धा अर्धा तास जवारी, म्हणजे तारेची झणझण, काढतात. ती झणझण काय आकाशातून पडते?

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1863 मध्ये सांगितलं की नियमित कंपनं म्हणजे स्वर आणि अनियमित म्हणजे गोंगाट. ऐकायला छान आहे. या हिशेबाने माझा फ्रिज स्वरात आणि झांज गोंगाटात. साधं ताणलेलं कातडंही गोंगाटातच, कारण त्याचे वरचे स्वर पटीत येत नाहीत. त्यावर तबल्यासारखी काळी शाई चढवली की ते जवळजवळ पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये दाखवलं. म्हणजे रेषा होती, आणि कुणीतरी लोखंडाची भुकटी आणि खळ घोटून ती सरकवली. फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने 1948 मध्ये पॅरिसमध्ये रेल्वेचे आवाज कापून, पुन्हा पुन्हा फिरवून रचना केली, तीही सरकवासरकवच. फक्त हत्यार वेगळं.

ध्वनिकलेचं राहिलं. अमेरिकन कलावंत मॅक्स न्यूहाउसने 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला पदपथाच्या जाळीखाली एक अखंड घुमारा बसवला. पाटी नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. तुम्ही चालत आत शिरता आणि बाहेर पडता. माझ्या मते फरक तिथे आहे: संगीत तुम्हाला वेळेतून नेतं, ध्वनिकला जागेत उभं करते. माझे नऊ मिनिटांचे आलाप संगीतच होते, हे त्या गृहस्थांना कुणीतरी कळवा.

हां, याचा अर्थ काहीही संगीत असतं असा नाही. शेजारचा ड्रिल चालवत असेल तर त्याला ‘तू कलावंत आहेस’ म्हणू नका, बंद करायला सांगा. आणि 85 डेसिबलच्या वर तासन् तास बसाल तर सुरेल असो की बेसूर, कान जाणारच. तिथे मी भौतिकशास्त्राचं निमूट ऐकते.

तुम्ही स्वतः काही ध्वनिमुद्रित करत असाल, तर फाइल कुणाला देताना ‘यातलं काहीही काढू नये’ असं लेखी द्या.

तो फ्रिज पुढे मोडीत गेला. नवा इन्व्हर्टरचा आहे, मनाला येईल तसा वेग बदलतो, दोन मिनिटं एका सा वर टिकत नाही. त्याला मी गोंगाटच म्हणते.