पंपावर पेट्रोल कमी मिळाल्याची शंका आली, तर माप तपासून मागता येतं का? आणि हा नियम कोण करतं?

हो, मागता येतं. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवणं बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितलं तर त्याच्यासमोर मोजून दाखवावं लागतं. मोजलेलं पेट्रोल पुन्हा पंपाच्या टाकीत ओततात, त्यामुळे तुम्हाला खर्च नाही. संकोच न करता मागा.

शंका ज्या नोझलची, मोजायचं त्याच नोझलने. मापावर चालू मुदतीचा शिक्का आहे का ते पाहा. मग माप एकदा पेट्रोलने ओलं करून निथळून घ्यायला सांगा. कोरड्या मापात थोडं पेट्रोल भिंती ओल्या करण्यातच जातं आणि पंप बरोबर असूनही पातळी खाली दिसते. माप सपाट जागी ठेवायचं, मीटर शून्यावर आणायचा, पाच लिटर भरायचं, फेस बसू द्यायचा आणि डोळे खुणेच्या पातळीला आणून वाचायचं. पाच लिटरला 25 मिलीपर्यंत कमी-जास्त चालतं. त्याहून कमी भरलं तर तक्रार पक्की.

नियमामागे आहे संसदेचा वैधमापनशास्त्र अधिनियम, म्हणजे वजनमापांचा कायदा. तो 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2011 पासून. मापात किती चूक चालते याची मर्यादा आणि फेरतपासणीची मुदत केंद्राच्या 2011 च्या नियमांत आहे. अंमलबजावणी मात्र राज्याची, त्यासाठी महाराष्ट्राचे वेगळे नियम आहेत. आपण ज्याला वजनमापे खातं म्हणतो, त्याचा निरीक्षक दर बारा महिन्यांनी पंपाची पडताळणी करून तारेचं सील लावतो. दुरुस्तीसाठी सील तोडलं, तर पुन्हा पडताळणी झाल्याशिवाय विक्री करता येत नाही.

पण शिक्का सांगतो तो फक्त त्या दिवसाचा हिशेब. यंत्रात पेट्रोलचा प्रवाह मोजणारा मीटर फिरतो, त्याला जोडलेला पल्सर प्रत्येक फेऱ्याचे ठोके पाठवतो आणि आकडा त्या ठोक्यांवरून दिसतो. 2017 मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत सापडल्या त्या नेमक्या इथे बसवलेल्या, आकडा फुगवणाऱ्या चिप. दूरनियंत्रकाने त्या बंद केल्या की तपासणीपुरतं माप बरोबर भरतं. म्हणून मला अचानक होणाऱ्या तपासण्या वार्षिक शिक्क्याहून जास्त महत्त्वाच्या वाटतात, आणि त्या घडवायच्या तर वेळेवर आलेली लेखी तक्रार लागते.

त्यामुळे पावती न घेता निघू नका. त्यावर पंपाचं नाव, वेळ आणि लिटर असतात, नोझल क्रमांक नसेल तर लिहून ठेवा. तक्रार त्याच दिवशी जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर करा. ‘35 लिटरच्या टाकीत 38 बसलं’ एवढ्यावर मात्र तक्रार टिकत नाही. कंपनी सांगते त्या क्षमतेपेक्षा टाकीत गळ्यापर्यंत जास्त मावतं.

भेसळीची शंका असेल तर वजनमापे खात्याकडे जाऊ नका. ते काम पुरवठा विभागाचं आणि तेल कंपनीचं आहे.