बी.एड.वरून मन उडालंय? आधी एका मुलाची वही बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बी.एड.चं दुसरं वर्ष, रोजच्या पाठांची टाचणं (लेखी आखणी) लिहून जीव मेटाकुटीला आलाय, सराव पाठात मुलं ऐकत नाहीत, घरचे म्हणतात नोकरी कुठे मिळणारे, आणि शिक्षिका व्हायची लहानपणापासूनची हौस आता आठवतही नाही. सोडू का, असं विचारतेस. मी वीसेक वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवतेय. तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

माझं बी.एड. २००३ सालचं, तेव्हा ते एकाच वर्षाचं होतं. दिवाळीपर्यंत माझंही मन पार उडालं होतं. सूक्ष्म पाठ सहा मिनिटांचा, समोर पाचवीची मुलं म्हणून बसलेल्या वर्गमैत्रिणी, आणि उत्तर सगळ्यांना आधीच माहीत. न अडलेल्या माणसाला शिकवत राहिलं की आतून कोरडं पडायला होतं. टाचणात हेतू, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं सगळं जागच्या जागी असायचं, फक्त मूल कुठे नसायचं. (फलक लेखन मात्र मन लावून शिक. ते जन्मभर उपयोगी पडतं.)

सराव पाठांसाठी मला पाचवीचा वर्ग मिळाला. तिथे एक मुलगा होता, वजाबाकीत कायम नापास. एक दिवस मी त्याची वही घरी आणली आणि रात्री पानन् पान बघितलं. फळ्यावरून उतरवलेली गणितं बहुतेक बरोबर होती. तोंडी सांगितलेली सगळी चूक. ‘त्रेसष्टमधून पंचवीस वजा करा’ या गणिताखाली त्याने ५२ वजा ३६ मांडून १६ उत्तर काढलं होतं. बराच वेळ काही उलगडेना. मग लक्षात आलं, त्रेसष्ट ऐकून तो ३६ लिहीत होता आणि पंचवीस ऐकून ५२. छत्तीसातून बावन्न जाईनात, म्हणून बावन्न वर घेतले होते. हातचा घेऊन केलेली वजाबाकी अगदी बिनचूक होती!

दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, “पंचवीसमध्ये पंच आधी येतात ना, बाई?”

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. मुलगा कच्चा नव्हताच. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, तिथे तो अडला होता. मी त्याच्याकडून ‘वीस आणि पाच’ असं म्हणवून घेतलं, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे करून दिले. आठवड्याभरात त्याचे आकडे सरळ झाले. पुढे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आलं आणि गदारोळ उठला, तेव्हा मला तोच मुलगा आठवत होता.

त्या रात्रीपासून मला सकाळी शाळेत जावंसं वाटायला लागलं. तोवर माझं सगळं लक्ष माझ्या पाठावर होतं, निरीक्षक काय शेरा देतील यावर होतं. ते मुलाच्या डोक्यात काय चाललंय तिकडे वळलं. टाचणं नंतरही लिहावी लागलीच, पण ती लिहिताना तो मुलगा डोळ्यांपुढे असायचा.

तुम्हाला आता आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव, चांगली लांब मिळते, आम्हाला एवढे दिवस मिळाले नव्हते. मुख्याध्यापकांना विनंती करून शक्यतो एकच वर्ग धर. मुलं ऐकत नाहीत म्हणतेस, ती रोज बदलणाऱ्या बाईंचं ऐकत नाहीत. आठ दिवस नावानं हाक मार, फरक दिसेल.

नोकरीची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघणं, मग तीन वर्षं मानधनावर शिक्षणसेवक. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार झालं, तरी घर चालवायला ते तोकडंच. पण नोकरीची धास्ती आणि वर्गाचा कंटाळा ही दोन वेगळी दुखणी आहेत. आत्ता तू दोन्हींची मोट बांधून निर्णय घेते आहेस.

आंतरवासिता संपेपर्यंत थांब. तेवढ्यानंतरही एखाद्या मुलाची चूक ‘अशी का केली असेल’ म्हणून उलगडून बघावीशी वाटली नाही, तर खुशाल सोड, त्यात कमीपणा काही नाही. सोमवारी वर्गातल्या चार वह्या मागून घे, आणि एखादी चूक उलगडली नाही तर इथे लिही. आपण मिळून बघू.